उजवी स्की

हडपसरच्या हँगरमध्ये आम्ही जिच्यावर बसून चहा पितो
ती फळी नाही.
शिरसाठ सरांच्या जुन्या विमानाची उजवी स्की आहे,
टोकाला वर वळलेली, नवरदेवाच्या मोजडीसारखी.
डावी कुठे आहे ते सर सांगत नाहीत.
पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात,
असं रोज कुणीतरी म्हणतं
आणि रोज कुणीतरी हसतं.

डिसेंबर. सात वाजून दहा मिनिटं.
विंडसॉक ओल्या मोज्यासारखा लोंबत होता.
"झपके, झपकू नकोस," सर म्हणाले,
हा विनोद माझ्या पहिल्या धड्याइतका जुना,
आणि आम्ही उठलो.

आठशे फुटांवर वळून पाहिलं
तर रनवे नव्हता.
नदीतून धुकं चढून आलं होतं
मुंढव्याचा पूल गिळून, मांजरीची शेतं गिळून,
दार न वाजवता आत येणाऱ्या नातेवाइकासारखं.
एवढं मोठं पुणं, आणि वर उरलं
ते बोटांवर मोजण्याइतकं:
पर्वतीचा कळस,
अर्ध्या बांधलेल्या टॉवरवरची पिवळी क्रेन,
लांब सिंहगड, पाठीवर मनोरा घेऊन बसलेला.
दक्षिणेला डोंगराची कड मात्र कोरडी,
कात्रजपासून दिवे घाटापर्यंत.

"आता?"
"आता काही नाही. कडेकडेनं जा.
पाहुणा आहे. पाहुण्याला कधी निघताय विचारत नाहीत."
टाकीत तास-सव्वा तासाचं पेट्रोल.

त्याच्या खाली कुठेतरी बाबा होते,
मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या,
दिवा लावून, एक पाय रस्त्याला घासत,
गिऱ्हाइकांची दारं वासावरून ओळखत.
लहानपणी म्हणायचे, पातेलं उचल,
पण साय मोडली तर बघ.
आता ती साय कोसभर पसरली होती
आणि मी तिच्या काठाकाठाने वळत होते,
पंख जेमतेम कलता,
काचेतली काळी गोळी मधोमध ठेवून.
मोडली नाही.

सर मागच्या सीटवरून बोलू लागले,
विचारलं नसताना.
तिकडे खोरं असंच भरायचं.
वर आभाळ पांढरं, खाली बर्फ पांढरा,
जमीन दहा फुटांवर की शंभर, डोळा सांगेना.
मग खिडकीतून देवदाराच्या डहाळ्या टाकायच्या.
काळं काही पडलेलं दिसलं
की समजायचं, इथे तळ आहे.
एकदा डहाळ्या संपल्या.
"मग?"
"मग मफलर टाकला. लाल होता. तिनं विणलेला."

पुढे बराच वेळ फक्त इंजिन.
ती कोण, मी विचारलं नाही.
मफलर परत उचलला का, तेही नाही.
सरांनी फक्त एवढंच म्हटलं, तेल बघ,
आणि मी तेल बघितलं.

आठ वाजता मांजरीवर भोक पडलं,
परातीएवढं, मग खळ्याएवढं.
आत लसूणघासाचा हिरवा तुकडा
आणि डोक्यावर भारा घेतलेली एक बाई
मान वर करता येत नसल्याने
नुसती थांबलेली.
मला तळ दिसला.
नंतर रनवेचा पूर्वेकडचा निम्मा भाग आला,
उरलेला आम्ही टेकल्यावर.
चाकं कुरकुरली. पाय माझे कापत होते,
विमान बंद झाल्यावर कापायला लागले.

फोन वाजला.
"अगं, वर कुणी येडं तासभर घिरट्या घालत होतं,
सगळ्या मुंढव्याची झोप उडवली.
तू नव्हतीस ना?"
"मीच होते."
पलीकडे किटलीचं झाकण लागल्याचा आवाज.
"बरं. दूध वेळेत पोचलं."

चहा आला. मी स्कीवर बसले.
दंवाने ओली होती.
सरांनी रुमाल काढला,
स्वतःच्या बाजूचं पुसलं,
आणि थोडं पलीकडचं.