ऑफर रविवारपर्यंत

परळच्या पुलाखाली आमचं ऑफिस,
काउंटर क्रमांक दोन, मी.
वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अकरा रात्री,
व्हिसा धरून, शाकाहारी जेवणाची हमी.
स्वतः पनवेलच्या पलीकडे फारशी गेलेले नाही,
पण क्वोका कुठल्या बेटावर हसतो
ते मला झोपेत विचारा.

रोज सांगते :
पिवळ्या वाळूत चुनखडीचे हजारो खांब,
पंगत बसली आणि वाढायला कुणी आलंच नाही, तसे.
दगडाची लाट, चार मजली,
फुटायच्या बेतात, युगानुयुगं नुसती बेतात.
करी नावाची उंचच उंच झाडं
(इथे गिऱ्हाईक हसतं, मीही हसते).
सप्टेंबरात कागदासारखी वाजणारी रानफुलं.
अंतराचं मात्र विचारू नका.
पर्थहून ब्रूम म्हणजे मुंबईहून दिल्ली,
आणि वर अजून अर्धी वाट.

मंगळवारी केळुसकर आले.
पोर्ट ट्रस्टच्या गाळ काढणाऱ्या बोटीवर छत्तीस वर्षं,
चष्मा कपाळावर.
"चेडवान पैसे धाडल्यान. खंय तरी जावा म्हणता."
गुलाबी तळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं :
"गो बाय, ही तर सोलकढी."
मग पान उलटलं. ब्रूम.
ओहोटीच्या चिखलावर पुनवेचा चंद्र उगवतो,
डबक्याडबक्यात तुकडा तुकडा पडत
जिना होतो, थेट वरपर्यंत.

बराच वेळ पाहत राहिले.
"ह्याचे किती?"
पॅकेजमध्येच धरलंय, म्हटलं.
"आमच्या शिवडीक ह्यो फुकट असता."
आणि माहितीपत्रकाची घडी खिशात घालून
गेले. बुकिंग नाही.
मी वहीत लिहिलं : विचार करून कळवतील.

पुनवेला अर्धा तास लवकर निघाले.
शिवडीच्या धक्क्यावर तेलाचा वास,
पाणी पार आत गेलेलं,
कडेला रोहित पक्षी, माना चिखलात,
कुणाकडे बघायची सवड नसलेले.
चंद्र आला तो धुरकट,
भाजताना करपलेल्या पापडाच्या रंगाचा,
पुलाच्या दिव्यांमागून,
त्यांच्यातलाच एक जागा चुकलेला वाटावा असा.
एक पायरी.
दुसरी.
तिसरी जरा वाकडी.
चौथीवर कुणाची तरी फुटकी होडी आडवी.

धक्क्याच्या टोकाला केळुसकर,
पाठमोरे.
माहितीपत्रकाचं पान समोर धरून
एकदा पानाकडे, एकदा चिखलाकडे,
मापं घ्यावीत तसे.

मी हाक मारली नाही.
उद्या फोन करायचाय त्यांना.
ऑफर रविवारपर्यंतच आहे.