डावी टाच

छावणीच्या मैदानात मार्चमध्ये हिरवं काही उरत नाही.
ग्रीन म्हणायचं ते तेल पाजलेल्या वाळूला.
रविवारी अंधारात जालन्याहून निघतो,
गाडीत नऊ काठ्या, डोक्यात रात्रभर पाहिलेले व्हिडिओ.

माझी पिशवी उत्रेश्वर सोळंके उचलतो.
तीस वर्षं दुसऱ्यांच्याच पिशव्या.
त्याची स्वतःची काठी एकच, सात नंबर,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

पहिला फटका चेंडूच्या चार बोटं मागं, मातीत.
दुसरा चेंडूच्या टाळूला घासून बाभळीत.
"साहेब, तुमी हातानं मारता."
मग कशानं मारू?
उत्तर न देता तो काट्यांत शिरला.

चेंडू पुसत परतला तेव्हा म्हणाला,
"आमी घिसाडी. पाल कधी परतूरला, कधी सेलूच्या बाजारात.
बाप सांडशीत फाळ धरायचा, आई घण मारायची.
आठव्या महिन्यातबी. पोटात मी.
तितं शिकलो बिकलो काय नाही, झोपलो आसंन.
पण मागनं लई बघितलं.
तिचे दंड म्हंजी तुराट्या.
डावी टाच आदुगर रुतायची,
मंग गुडघा, मंग कंबर,
हात आपले शेवटी,
गाडीमागं बांधल्याली कालवड येती तसे."

मी म्हणालो, घण वरून पडतो. ही काठी आडवी फिरते.
तो जरा थांबला. कान खाजवला.
"ते खरंय.
पण चाकाला धाव बसवताना ती आडवाबी हाणायची."

मग त्यानं माझा पट्टा मागून धरला,
काखेत घामट पंचा खोचला.
"हा पडला नाही पायजे.
बक्कल आदी बाभळीकडं वळू द्या.
लागतानी मुठी चेंडूच्या म्होरं,
दार खांद्यानं लोटावं तशा.
अन् चेंडू कुटं गेला ते बघू नका. आई कदी घणाकडं बघायची नाही,
लाल जागंवरच डोळा."

अकरावा फटका.
हाताला काही लागलंच नाही,
आवाज तेवढा झाला, कोरडा, एकच.
मी चेंडू शोधत होतो आभाळात,
तो उकिडवा बसून जमीन चाचपत होता.
"चेंडूच्या म्होरची माती निघाली. बगा."
तळहाताएवढी खपली, खाली ओल.

माझ्या गिरणीत सळई आपोआप पळते,
कुणाची कंबर लागत नाही.
गेटवर लोखंडाचे तुकडे मागायला
पालावरच्या बायका यायच्या.
वॉचमनला मीच सांगून ठेवलंय.
हे त्याला बोललो नाही.

बारावा पुन्हा बाभळीत.
उत्रेश्वर सात नंबरनं काटे सारत आत गेला,
आणि मी डावी टाच रुतवून
तिथंच उभा.