पाच आडव्यांचं फाटक

आकडे सांगताना तेगिदचे कान लाल होतात.
त्याच्या बापाचेही व्हायचे, पाटीच्या खाणीत मजुरी ठरवताना.
"ही कार्बनची, नऊ किलो आठशे.
ही अ‍ॅल्युमिनियमची, साडेअकरा.
ही पोलादाची तेरा भरेल, पण चालवायला मऊ.
पुढे एकशेवीसचा फोर्क. मागे स्प्रिंग नाही, काही नाही,
म्हणजे बिघडायलाही काही नाही."

हे शेवटचं पटलं.
माझ्या मागच्या बाजूला बिघडण्यासारखं पुष्कळ आहे:
मणक्यातली चौथी चकती, पाचवी चकती,
आणि उजव्या खुब्यात बसवलेला धातूचा गोळा,
जो तुझ्या या सगळ्यात महागड्या सायकलीहून
महाग पडला असेल, म्हटलं.
तो हसला. मग हसायला नको होतं की काय, म्हणून थांबला.

एकाहत्तरावं चालू आहे.
कॉरिसच्या चढांवर तीस वर्षं टपाल वाटलं मी,
माणसांच्या आधी कुत्र्यांची नावं पाठ.
ती सायकल लाल होती, लोखंडाची.
तिचं वजन पेलतं का, असं कुणी विचारलं नव्हतं.

टांग टाकून बघते.
वरची नळी उतरती हवी, हे पहिलं.
पडायचं झालं तर उभ्याउभ्या पडता आलं पाहिजे.
अंगठ्यानं कळ दाबली की सीट खाली बसते,
शहाण्या कुत्र्यासारखी.
चार वेळा बसवली, चार वेळा उठवली.
मागचं मोठं चक्र जेवणाच्या ताटाएवढं.
"याच्यावर भिंतसुद्धा चढाल."
भिंत नको रे. लार्चच्या रानातला शेवटचा चढ पुरे,
जिथे आधी मेंढ्या दमतात.

"पण वजनाचं एवढं काय घेऊन बसलात?"
(किंमत तो इंग्रजीत सांगतो, काळजी वेल्शमध्ये करतो.)
"शर्यतीला थोड्याच जाणार आहात?
दोन किलो म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या."

दुकानात फाटक आहे का, मी विचारलं.
"फाटक?"
शेताला असतं तसं. पाच आडव्यांचं, छातीपर्यंत.
नव्हतं. काउंटर होतं.
घंटी, पंप, कार्डाचं यंत्र, सगळं बाजूला करवलं.

पोलादाची अर्ध्यात अडकली.
तेगिद धावला. सोड, म्हटलं,
सोड म्हणजे सोड.
अ‍ॅल्युमिनियमची गेली, पण खांदा बोलला.
कार्बनची इतकी सहज गेली
की माझाच तोल गेला.
हात वर, हातांत वजन नाही,
आणि पलीकडे घ्यायला कुणी नाही.

नेस्टा असायची.
त्या फाटकाला कुलूप लागलं तेव्हापासून
आधी ती चढून जायची, पँटला कायम चिखल,
आणि म्हणायची, "दे."
मी द्यायची. आधी तिची, मग माझी.
पंधरा किलो म्हणजे दोघींत साडेसात-साडेसात.
हा हिशोब तेव्हा कधी केला नव्हता.
मार्चपासून मी फाटकापर्यंत जाते,
कुलपाकडे बघते
आणि परत येते.

कार्बनची परवडणारी नाही.
अ‍ॅल्युमिनियमची दे, म्हटलं.
खांदा बोलू दे, नेस्टाही बोलायची,
आणि खांद्याहून जास्त.
तेगिदनं चाकांतल्या ट्यूब काढल्या, पातळ पेडल लावली,
दिव्याची कडी, बाटलीची कडी, जे सुटतं ते सोडवलं.
अकराला थोडी जास्त. तीनदा तोलली त्यानं.

मग स्पॅनर पुसत, खाली बघत,
"रविवारी मी मोकळाच असतो. फाटकापाशी
येऊ शकतो."
कान पुन्हा लाल.

नको येऊस, म्हटलं.
पहिल्यांदा तरी.

दुकानाचा उंबरठा दोन बोटं उंच आहे,
चाक आपोआप ओलांडतं.
तरी मी ती उचलूनच बाहेर आणली.