सातशे बारावी ओळ

एदुविहिस,
तुझा प्रश्न काल आला. दोन ओळींचा, त्यात माफी दोनदा.
"माफ करा, नव्या आवृत्तीत
सातशे बारावी ओळ कुठे गेली? माफ करा."

ती सरकलीय, सातशे चाळिसावर.
एवढं कळवून मी दिवा मालवला,
पण झोप येईना.
भरतीची वेळ बघणारा माणूस ओळी कशाला मोजेल?
तो वेळ बघतो आणि होडी सोडतो.

मग मी खोदून विचारलं,
आणि तू एकेक करून सांगितलंस,
चोरी पकडली गेल्यासारखं.
तुमच्या सरकारनं घड्याळं पुढे केली त्या सप्टेंबरात
माझ्या प्रोग्रामला ते कळलंच नाही.
आचाओच्या धक्क्यावर बाउदिलिओची होडी
बटाट्याच्या चाळीस पोत्यांसकट
चिखलात बसली, थेट रात्रीपर्यंत.
तू कचेरीत एकटी. कोड उघडलंस.
दुरुस्ती केलीस. एकच ओळ.
कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलीस.

आणि दर वसंतात मी नवी आवृत्ती काढतो,
ती तू उतरवून घेतेस,
काचेखालचा कागद बघून तीच ओळ पुन्हा टाइप करतेस.
सहा वर्षं.
म्हणजे सहा वर्षं मी तुझं काम पुसत आलो,
आणि मला पत्ताही नाही.

ते ठिगळ माझ्याकडे पाठव.
तू म्हणतेस, कोड ओबडधोबड आहे, इंग्रजी मोडकं आहे,
मी कोण, धक्क्यावरची कारकून.
भीड ही भिकेची बहीण, एदुविहिस.
आता माझंही ऐक.
मी राहतो पेइप्सी तळ्याकाठी,
कांद्याच्या वाफ्यांमागे.
या तळ्याला भरती नाही. ओहोटीही नाही.
वारा सुटला तर पाणी थोडं हलतं, इतकंच.
समुद्र मी आयुष्यात चारदा पाहिला,
त्यातही एकदा बसच्या खिडकीतून.
भरती मला ठाऊक आहे ती आकड्यांतली.
तुझ्या खिडकीखाली पाणी
दोन मजले चढतं आणि उतरतं,
आणि तू मला माफी मागतेस?

पाठवलंस की मी खुसपट काढीन, आधीच सांगतो.
इथे एक जागा जास्त, तिथे नाव नीट नाही.
मनाला लावून घेऊ नकोस,
आमच्यात आभार असेच मानतात.
शेजारी तू स्पॅनिशमध्ये लिहिलेली टीप मात्र
तशीच राहू दे.
"इथे वेळ बदलते, होड्या अडकतात."
माझ्या नऊ हजार ओळींत
इतकं सरळ वाक्य दुसरं नाही.

तुमच्याच किनाऱ्यावर, दुसऱ्या कुठल्या बेटावर
कुणी दुसरा कागद दुसऱ्या काचेखाली ठेवला असेल.
किंवा ठेवला नसेल,
आणि होडी चिखलात असेल, आत्ता.

उत्तराची घाई नाही.
नाही, आहे. थोडी आहे.
इथे दोन वाजलेत. तळं गप्प आहे.
तुझ्याकडे किती वाजले असतील
ते मी माझ्याच प्रोग्रामला विचारलं.
त्यानं जे सांगितलं
ते एका तासानं चुकलेलं आहे.

हेल्दुर