सहा सेंटिमीटर

पान आधी जाहिरातींचं असतं.
दुपारी चारला राखाडी चौकोन पडतात,
मापून, पैसे मोजून,
आणि मग जी पांढरी फट उरते
तिच्यात मी रात्री जग बसवतो.

शारजा, गॅरेजच्या वरचा मजला.
एसीखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा, थेंब झेलणारा.
'स्वतंत्र साप्ताहिक' असं आम्ही नावाखाली छापतो
नऊ पॉइंटात.

त्या बुधवारी लीसम्मा बातमी घेऊन आली:
कॅम्पात अकरा दिवस पाणी नाही.
तीनशे बारा माणसं, दोन टँकर, दोन्ही कोरडे.
तिच्या चपलांवर अजून तिथली धूळ होती.
बेचाळीस सेंटिमीटर भरली, फोटोसकट.
फोटोत माणसं नव्हती,
नुसत्या बादल्या रांगेत उभ्या.

शेवटचं पान त्याच मालकाचं.
व्हिला, खजुरी, निळाभोर तलाव,
वर्षभराचा करार.

कुणाचा फोन आला नाही, हे सांगायला हवं.
कुणी धमकावलं नाही.
परकारसाहेब फक्त माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले,
चष्मा पुसत.
"त्यांची बाजू येऊ दे," म्हणाले,
"तोवर जरा आवळ."

आवळलं.
आधी बादल्या गेल्या.
मग अकरा दिवसांचे 'काही दिवस' झाले,
कंपनीची 'एक कंपनी'.
सहा सेंटिमीटर उरली,
नमाजाच्या वेळा आणि सोन्याचा भाव यांच्या मधे.

लीसम्माने वाचलं. बोलली नाही.
आपल्या बाटलीतलं पाणी
खिडकीतल्या कोरफडीला घातलं, सगळंच्या सगळं.

मी तरी कुठला सोवळा?
सातला पगार होतो,
आठला तो गुहागरला पोचतो.
पोरीची फी, आईच्या गोळ्या
त्याच तलावातून उपसतो मी.

शुक्रवारी त्या कॅम्पात गेलो, गावाकडच्या एकाचं पार्सल द्यायला.
बाराजण जमिनीवर जेवायला बसलेले,
खाली आमचाच अंक अंथरलेला,
शेवटचं पान वर.
भाताचं पातेलं बरोब्बर तलावाच्या मधोमध.
डाळ सांडली, निळ्यावर पिवळी.
एकाने बोटाने निपटून घेतली.

"पाणी आलं?"
"परवा आलं. कुणीतरी पेपरात दिलं म्हणे.
तुम्ही वाचलंत?"

बातमी त्याच कागदाच्या पाठीला होती.
पातेलं उचललं असतं
तर दाखवता आली असती.

जेवण चाललं होतं.