गळती

दोनापावलाच्या वर, पठारावर,
जांभ्या दगडाच्या शेडमध्ये
आम्ही एक पोकळी पाळली होती.
पोलादी कडं, दोन माणसांच्या मिठीत मावेल एवढं,
आत काही नाही.
ते काही नाही टिकवायला तीन पंप,
रात्रंदिवस. आणि तरी.

इथली हवा ओली. कडं एकदा उघडलं
की पाण्याचे रेणू भिंतींना धरून बसतात,
पाहुण्यासारखे नव्हे, मुंडकारासारखे:
निघा म्हटलं की हक्क सांगतात.
मग दीडशे अंशांवर कडं भाजायचं,
दोन रात्री, तीन रात्री,
मी खुर्चीत, पाय स्टुलावर, सुयांवर डोळा.

प्रयोग चार हजार एकशे दोनपासून
चार हजार एकशे छत्तीसपर्यंत
प्रत्येक वेळी नवव्या मिलिसेकंदाला
आलेखाचा कडेलोट.
वर्णपटात ऑक्सिजनची रेघ.
म्हणजे कुठून तरी
बाहेर आत येत होतं.

ज्याने कडं जोडलं होतं त्या इनास कुलासोला बोलावलं.
चौतीस वर्षं बार्जींच्या तळाशी उताणं पडून
त्याने खनिजाची जहाजं सांधली होती.
"बार्जीत पाणी येऊ नये एवढंच, बाय.
आलंच थोडं, तर उपसायचं.
तुझ्या ह्याला हवासुद्धा चालत नाही.
कसलं हे जहाज?"

हेलियमची नळी त्याने स्वतःच्या हातात घेतली.
शिवण शिवण, बोट बोट.
खालच्या सहाव्या झरोक्यापाशी,
जिथे हात जेमतेम पोचतो,
यंत्र किंचाळलं.

त्याचाच टाका.

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला.
"मे महिन्यातला हा. त्या दिवशी
चिखलीच्या इस्पितळातून फोन आला होता."
कोणासाठी, ते तो बोलला नाही.
मी विचारलं नाही.

टाका घासून काढून त्याने नवा घातला.
दुसरी काळी काच मला दिली.
निळसर पांढरा एक ठिपका, आर्गनच्या फुंकरीत,
तांदळाएवढा.
मी म्हटलं, इनासबाब, हासुद्धा प्लाझ्माच.
चौतीस वर्षं तुम्ही हातात धरलाय.
"धरला कुठे? टेकवला.
तुमचा टेकता कामा नये म्हणता ना?
टेकलाच नाही तर जोडणार काय?"

उत्तर होतं माझ्याकडे, फळ्यावर काढण्यासारखं.
पण आमच्या कड्यात काहीच जोडलं जाणार नव्हतं,
ते मोठ्या यंत्रांचं काम.
आम्ही फक्त
न टेकता धरायला शिकत होतो,
आणि तेही नऊ मिलिसेकंद.

पुन्हा भाजलं. पुन्हा तीन रात्री.
चार हजार एकशे एक्कावन्न.
धारित्रं सुटली, धाड,
दाराशी झोपलेलं कुत्रं नेहमीसारखं उठलं
आणि नेहमीसारखं परत पडलं.
चौदा.

कॅमेऱ्यातलं चित्र त्याला दाखवलं: गुलाबी कडी.
"हे गुलाबी सगळ्यात तापलेलं?"
नाही, ती कड. थंड म्हणायची.
तापलेलं आहे ते मधे, जिथे काही दिसत नाही.
दहा लाख अंश. इतकं, की
आपल्या डोळ्यांचा उजेड ते देतच नाही.

तो बराच वेळ त्या मधल्या
काही नाहीकडे बघत राहिला.
मग: "पाच वाढले म्हणजे किती?"
पापणी लवायला शंभर लागतात, मी म्हटलं.
त्याने एकदा पापणी लववून पाहिली.
हेल्मेट पिशवीत भरलं. सव्वासातची बस होती.

मी पंपांची घरघर ऐकत दारात उभी.
झुआरीच्या मुखापार, मुरगावच्या गोदीत
कोणीतरी काहीतरी जोडत होतं.
निळा ठिपका. विझला. पुन्हा.

आत येऊन वही भरली.
टाका सहावा, दुरुस्त.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
आर्द्रता.