नानांचं अक्षर

नारायण पेठेतल्या छापखान्यात
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली नानांनी.
लग्नपत्रिकेतल्या 'आशिर्वादा'वर लाल शाईची काट मारली,
पैसे द्यायला आलेल्या वरबापासमोर.
मग एका मंगळवारी, दाढी करताना,
सगळे खिळे सांडले.
उरलं एकच अक्षर:
ना.

चहा घेणार?
ना.
नको?
ना.
दुखतंय?
ना.
दुखत नाही ना?
ना.
प्रश्न उलटे केले, सुलटे केले,
पिशवीसारखे झटकून पाहिले.
काका म्हणाला, पहिल्यापासून नन्नाचा पाढाच त्याचा,
आता एकंवर थांबलाय, एवढंच.

नळ स्टॉपच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, व्यायामाचं केंद्र.
'लिफ्ट बंद आहे' ही पाटी
लिफ्टपर्यंत गेल्यावरच दिसते.
तिथे दार-ए-सलामची नीमा शिकाऊ होती,
नानांची बोटं एकेक करून उघडायची,
पाकळी नव्हे, कुलूप उघडावं तशी, जोर लावून.
दुपारी थर्मास काढून म्हणाली, "चाय ना मझिवा."
मी म्हटलं, चहा नको?
ती हसली. चहा आणि दूध, म्हणाली.
आमच्यात ना म्हणजे आणि.

आणि.
मी नानांकडे पाहिलं.
सहा आठवडे हा माणूस आणि म्हणतोय की काय,
अन् आम्ही पुढचं न ऐकताच
कप उचलून आत नेतोय?

शेजारच्या खाटेवर चाकणच्या कारखान्यातला कोरियन साहेब,
मोडलेल्या गुडघ्याचा. आडनाव ओ.
नुसतं नाव घेतलं तरी
आपणच कुणाला तरी ओ दिल्यासारखं वाटे.
पुकारा झाला, पुढचं कोण?
त्यानं छातीवर बोट ठेवलं: "ना."
म्हणजे मी.
आणि रात्रपाळीची शिवव्वा, विजापूरकडची,
जाताना म्हणायची, "ना बर्तीनी."
पहिल्या दिवशी वाटलं, उद्या येणार नाही ही.
सातला हजर. मी येते, म्हणाली होती.

कुठलं कोरिया, कुठलं विजापूर.
एकमेकांच्या गावाचं पाणी न प्यालेली दोन माणसं
त्याच एका अक्षरात स्वतःला ठेवून जातात.

नाना कधी मी म्हणत नसत.
आम्ही म्हणत. फार तर आपण.
तपासणाऱ्याचं नाव पुस्तकावर येत नाही,
चूक राहिली तरच त्याची आठवण.
केंद्राच्या अर्जावर मी लिहिलं, रघुनाथ खांबेटे,
आणि पेन थांबलं.
रघुनाथ म्हणणारी माणसं कधीच संपली होती.
गल्लीत, दुकानात, घरात, ते नाना.
म्हणजे अर्धं नाव शाबूत आहे.

हे नानांनी वाचलं असतं
तर समासात लिहिलं असतं: ओढूनताणून. पुरावा?
बरोबर आहे.
ज्याला कोल्हापूरच्या पुढे गाडी लागायची
त्याला कोरियन कुठून येणार.

तरी परवा पेपर वाचून दाखवत होते,
त्यांनी डावा हात आणला, कष्टानं,
आणि अंगठ्याचं नख एका शब्दावर रुतवलं.
पाहिलं. वेलांटी पहिली हवी होती.
चुकलंय ना? मी म्हटलं.
"ना."
इतका स्वच्छ हो
या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

रात्री दिवा मालवला.
रस्त्यावरून शेवटची पीएमटी
खिडकीच्या काचा हलवत गेली.
दारातून विचारलं,
नाना, आहात ना?

"ना."

मग मी स्टूल ओढून बसले.
आणि असेल, तर पुढचं यायचंय अजून.